आजीचा कान

रविवारी संध्याकाळी बंगळूरहून वेदिकाचा व्हिडिओ कॉल आला, की गोरक्षराव मोबाइल हातात धरून सोफ्याच्या बरोबर मधोमध बसत. लेकीशी, जावयाशी, नातवाशी बोलायचं ते त्यांनीच. तिकडे दिसायचा त्यांचा अख्खा चेहरा आणि कडेला वत्सलाबाईंचा एक कान. नातू रुद्र वेदिकाच्या बाळंतपणानंतर तिच्याबरोबर तिकडे गेला, तो आता बोलायला लागला होता. एकदा वेदिकानं त्याला विचारलं, "आजी कुठंय?" पठ्ठ्यानं स्वतःचा कान धरला. सगळे पोट धरून हसले. वत्सलाबाईही हसल्या, पण स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दिवाळीत नातू येणार आणि आपल्याला ओळखणारच नाही, ही धास्ती त्यांच्या मनात बसली.

"अहो, यात माझं तोंड मावत नाही," त्यांनी शेवटी सांगून टाकलं.

"मावेल कसं? एवढासा तर मोबाइल! टॅबलेटच घ्यायला हवा," गोरक्षराव म्हणाले.

पण लगेच उठून दुकानात जातील तर ते गोरक्षराव कसले! सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये हयात गेलेली. आधी साचा, मग माल, हा त्यांचा धर्म. त्यांनी साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आठ इंची, अकरा इंची आणि तेरा इंची असे तीन टॅबलेट तयार केले आणि घरात तालीम सुरू झाली. आठ इंचीत दोन डोकी बसेनात. तेरा इंची धरून मनगट भरून आलं. वत्सलाबाई कोऱ्या पुठ्ठ्यासमोर मान वेळावून "काय रे माझ्या सोन्या, जेवलास का?" म्हणत होत्या, तेवढ्यात शेजारच्या सविताताई विरजण मागायला दारात आल्या आणि काही न मागताच परत गेल्या. असं नमनाला घडाभर तेल जळाल्यावर अकरा इंची टॅबलेट घरात आला.

रविवारी कॉल लागला. गोरक्षराव टॅबलेट घेऊन सोफ्याच्या मधोमध बसले. कोपऱ्यातल्या चौकटीत वत्सलाबाईंनी पाहिलं, तर अख्खे गोरक्षराव आणि कडेला आपला कान. फरक एवढाच, की आता कान मोठा दिसत होता.

"तेरा इंचीच घ्यायला हवा होता," गोरक्षराव पुटपुटले.

वत्सलाबाईंचा तोल सुटला. स्कूटरवर, सोफ्यावर, फोटोत, यांच्यातून उरेल तेवढ्या जागेत त्यांनी संसार केला होता, आणि हा माणूस अजून इंच मोजत होता!

"टॅबलेटला काही धाड भरलेली नाही. तुम्ही सरका!"

गोरक्षराव सरकले. इतके सरकले, की पडद्यावरून पार दिसेनासे झाले.

वत्सलाबाई मधोमध बसल्या. केस सारखे केले, हसल्या. रुद्र टकामका बघत राहिला. मग त्यानं ओठ काढला आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं. ही कोण नवी बाई? जागा मिळाली, पण नातू काही मिळाला नाही, असं वत्सलाबाईंना वाटलं. मग त्यांनी मान वळवली आणि पडद्यासमोर कान धरला.

"आज्जी!" रुद्र ओरडला.

त्यांनी हळूच तोंड पुढे केलं. तो हसतच होता. पुन्हा कान, पुन्हा तोंड. थोड्या वेळानं तो तोंडालाही "आज्जी" म्हणू लागला. वत्सलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि या वेळी त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

"अगं, मलाही बघू दे की," सोफ्याच्या टोकावरून गोरक्षराव कळवळले.

"या," म्हणत वत्सलाबाईंनी त्यांना जवळ ओढलं, अगदी कानापुरतं.