नऊ दिवसांच्या नोंदी

घळीच्या तोंडाशी म्हातारी शेळी क्षणभर थबकली आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या बाई पुढे झुकल्या.

थांब, त्या मनात म्हणाल्या. एकदा तरी मागे वळून बघ.

म्हातारीने बर्फाचा वास घेतला, पाय टाकला आणि घळ ओलांडून सरळ चालती झाली. तिच्यामागून अकरा रानशेळ्या एका रांगेत गेल्या. एक लंगडं करडू अलीकडच्या कड्यावर ओरडत राहिलं. पलीकडून कुणी मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने करडाने ओरडणं सोडलं आणि आपलं आपण, घसरत-सावरत, घळीत उतरायला लागलं.

"पुन्हा तसंच," शेजारी बसलेली विद्यार्थिनी म्हणाली. "एक्केचाळिसावी वेळ."

तिने वहीत वेळ लिहिली आणि मग त्या अख्ख्या पानावर आडवी रेघ मारली.

"अगं, खोडतेस काय?"

"मग काय करू, मॅडम? तुमच्या निबंधातली शेळी थांबते, माझी थांबत नाही. म्हणजे मी चुकीच्या जागी बसतेय, नाहीतर चुकीची शेळी बघतेय." तिने पेन्सिल कानामागे खोचली. तीन वर्षं ती या कळपामागे होती. गालांची साल निघाली होती, हाताची दोन बोटं थंडीने कायमची बधिर झाली होती. "खरं सांगू? मला बघताच येत नाही. काम बघण्याचंच, आणि नेमकं तेच जमत नाही. परवा खाली उतरले की विभागात पत्र देऊन टाकते. एका शाळेत जागा आहे."

बाईंनी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. त्यांनी दुर्बिणीच्या भिंगावर झाकण बसवलं, ते दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या,

"वारा वाढतोय. चल."

उतरताना मुलगी पुढे होती. बाई तिच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघत चालल्या होत्या आणि चोवीस वर्षांपूर्वीची एक सकाळ त्यांना आठवत होती.

तेव्हा त्या चौतिशीत होत्या. त्यांचे वाटाडे नाना लेकीच्या बाळंतपणासाठी नऊ दिवस खाली गेले होते आणि बाई झोपडीत एकट्याच होत्या. पहिले दोन दिवस धुकं होतं, बर्फ पडत होतं. तिसऱ्या दिवशी आभाळ काचेसारखं लख्ख झालं. बाईंनी दार उघडलं, वर जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं, दार लावलं आणि परत पांघरुणात शिरल्या. ताप नव्हता, पाय मुरगळला नव्हता, घरून काही वाईट बातमी नव्हती. कंटाळा आला होता, बस्स. पुढे कित्येक वर्षं त्यांनी त्या दिवसांसाठी एखादं बरंसं कारण शोधून पाहिलं होतं. सापडलं नव्हतं.

नोंदवही मात्र कोरी ठेवता येत नव्हती. आधी त्यांनी बेतानेच लिहिलं: बारा शेळ्या, चरणं, विश्रांती. मग हात सैल सुटला. म्हातारी शेळी घळीच्या काठाला उभी राहते, एकेकीला पुढे जाऊ देते, मागे राहिलेल्या लंगड्या करडासाठी ताटकळते आणि सगळ्यांत शेवटी स्वतः जाते. नऊ दिवसांत असं पाच वेळा घडलं, असं त्यांनी लिहिलं. लिहिताना त्यांना मजा आली होती. हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीही धड कबूल केलं नव्हतं.

त्या शेळीने बाईंना नाव मिळवून दिलं. शोधनिबंध गाजला, भाषणं झाली, शाळेच्या पुस्तकात धडा आला. व्याख्यानानंतर बायका जवळ येऊन डोळे पुसत आणि म्हणत, अगदी आमच्या आजीसारखी हो! दोन संशोधकांनी तर आपल्यालाही असंच दिसल्याचं छापून टाकलं. बाईंनी तो लेख वाचला आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. आपलं खोटं खरं व्हावं म्हणून त्या सहा हिवाळे त्याच घळीसमोर बसल्या. मग त्यांनी विषयच बदलला आणि शेळ्या काय खातात यावर लिहू लागल्या. खाण्यात कुणाची फसवणूक नव्हती.

झोपडीत नानांनी चहा टाकला होता. गुडघ्यांमुळे ते आता वरच्या जागेपर्यंत येत नसत, पण झोपडीपर्यंत मात्र हट्टाने येत. दोरीवर ओले मोजे वाळत होते. मुलीने पिशवीतून आपल्या सातही वह्या काढल्या आणि सरपणाशेजारी ठेवल्या.

"नाना, पेटवायला घ्या. निदान ऊब तरी देतील."

"गप गं पोरी," नाना म्हणाले. पण ती हसत नाही असं पाहून त्यांनी वरची वही उचलली आणि बाईंकडे पाहिलं.

"नाना, खाली ठेवा ती," बाई म्हणाल्या. मग त्या मुलीकडे वळल्या. "तुझ्या नोंदी बरोबर आहेत. ती शेळी कधी थांबलीच नव्हती."

"म्हणजे?"

"मी ते पाहिलं नाही. ते नऊ दिवस मी इथे होते, या खाटेवर. बसून लिहिलं सगळं."

मुलीच्या चेहऱ्यावर इतकी माया आली की बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं.

"मॅडम, मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलू नका हं. तुमच्यासारख्या माणसाने माझ्यासाठी स्वतःवर असं ओढवून घ्यायचं, हे काही बरं नाही."

वीस-बावीस वर्षं बाईंनी या कबुलीची मनातल्या मनात तालीम केली होती. त्यात समोरचा चिडत असे, रडत असे, उठून जात असे. कुणी विश्वासच ठेवणार नाही, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आता खोटेपणाचाही पुरावा द्यावा लागणार होता, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता.

"खरं बोलतायत त्या," नाना म्हणाले. ते चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मी परत आलो ना, तेव्हा वरच्या वाटेवर आठवड्याचं बर्फ होतं. त्यात एक पाऊल नव्हतं."

चुलीत लाकूड तडकलं.

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"माग काढणं हाच माझा धंदा, बाई."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"वाटायचं, तुम्हीच सांगाल. आज नाहीतर उद्या." नानांनी तिन्ही कप भरले. "नंतर ते वाटणंही गेलं."

बाईंना आठवलं. पाहुणे आले, त्या शेळीचा विषय निघाला, की नाना नेहमी म्हणत, ते बाईंनाच विचारा. त्यांना तो नानांचा विनय वाटत आला होता. चारचौघांत त्यांनी त्याचं कौतुकही केलं होतं. त्यांचे कान तापले. त्यांनी कप हातात घेतला, पण तोंडापर्यंत नेला नाही.

मुलीने बधिर बोटं कपाभोवती गुंडाळली होती आणि ती वह्यांकडे बघत होती. बाई वाट बघत होत्या, तिने काहीतरी टाकून बोलावं म्हणून. शेवटी तिने कप खाली ठेवला.

"ती नोंदवही कुठे आहे?"

खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत होती. मुलीने ती खिडकीच्या उजेडात उघडली आणि पेन्सिल बाईंच्या हातात दिली. बाईंनी एकेका दिवसावर काट मारली. नऊ वेळा काट मारायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हात हलका झाल्यासारखा वाटला आणि त्या हलकेपणाचीही त्यांना लाज वाटली.

"आता बाकीची," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तपासणाऱ्याचा कोरडेपणा होता, बाईंनीच तिला शिकवलेला. तिने पेन्सिल परत घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. ती तारीख वाची, बाई 'पाहिलं' म्हणत, ती खूण करी. दहा-बारा पानं अशी गेली.

"हे? मेलेल्या पिलाजवळ आई उभी. अंगावरचं बर्फ नाकाने बाजूला करते. तिसऱ्या दुपारपर्यंत."

बाईंनी वाकून ती ओळ स्वतः वाचली.

ही नोंद त्यांनी कुठे छापली नव्हती. ती फक्त लेकीला सांगितली होती, तिचं पहिलं मूल गेलं तेव्हा, दवाखान्यात तिचा हात हातात धरून. लेकीने ती धरून ठेवली होती. अजूनही कधी फोनवर बोलता बोलता ती मध्येच विचारायची, आई, ती तीन दिवस उभी होती ना गं?

बाईंनी डोळे मिटले. शेळी दिसली. नाकावरचं बर्फ दिसलं, तिरपं ऊन दिसलं, वाऱ्याने उलटे झालेले पाठीवरचे केस दिसले. पण घळीच्या काठावर ताटकळलेली म्हातारीही त्यांना अशीच दिसत असे. ऊन, केस, वारा, सगळं तसंच.

"नाना," त्यांनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही होतात माझ्याबरोबर. मेलेलं पिलू, त्याची आई. तुम्ही पाहिलंत ना?"

नानांनी कप खाली ठेवला आणि मनापासून आठवून पाहिलं.

"होतो तर. तिन्ही दिवस होतो. पण मी शेळ्यांकडे कुठे बघायचो, बाई? तुम्ही कड्याच्या टोकाला बसायचात. मी तुमच्याकडे बघायचो."

मुलीची पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबली होती.

"काय लिहू, मॅडम?"

"प्रश्नचिन्ह टाक," बाई म्हणाल्या.

तिने टाकलं, अगदी बारीक. मग पान उलटलं आणि पुढची तारीख वाचली.