उघडी राहिलेली खिडकी

"आई, ती खिडकी खरी नाहीये."

"मला नको शिकवूस. उघडी आहे ती. लावल्याशिवाय मी गाडीत बसायची नाही."

मधुमतीबाई कोटाची कॉलर वर करून फुटपाथवर उभ्या होत्या. मँचेस्टरचं घर विकलं गेलं होतं. सामानाची व्हॅन वरदाच्या ब्रॅकनेलच्या घराकडे निघालीही होती. दुपारी किल्ल्या एजंटला दिल्या की संपलं. वरदाने वर पाहिलं.

दोनशे वर्षांपूर्वी कुणा बिल्डरने ही आठ घरं सलग बांधली, लांबून एकच मोठी हवेली वाटावी अशी. लाल विटांची एकसंध दर्शनी भिंत, वर-खाली सरकणाऱ्या काचांच्या उंच खिडक्या, प्रत्येक दारावर काचेचा अर्धगोल. यांच्या घरात मात्र दाराच्या वरच्या मजल्यावर आतून धुराड्याची भिंत आली. तिथे खिडकी निघणार नव्हती, आणि रांगेचा तोल तर बिघडायला नको. म्हणून विटांचा कोनाडा सोडून त्यात खिडकी रंगवून घेतली. काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या. लहानपणी वरदा बाहेरून खिडक्या मोजायची आणि धावत आत जाऊन पुन्हा मोजायची. आत एक कमीच भरायची.

"ती कुठे गेली, बाबा?"

"ती रस्त्यावरच्या लोकांसाठी आहे," पद्माकर डॉक्टर गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर त्या खिडकीचं रंगकाम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे गेली की शिडी लावून ते खालची काच वीतभर वर सरकलेली रंगवायचे. ऑक्टोबरमध्ये घड्याळं मागे आली की बंद रंगवायचे. गेल्या ऑगस्टमध्ये ते गेले. खिडकी उघडी राहिली.

"अख्खा हिवाळा वारा लागला मला."

"भिंतीतून?"

"हसू नकोस."

वरदा हसत नव्हती. शेजारचा ग्रॅहम काही न विचारता शिडी घेऊन आला आणि पाय रोवून ती धरून उभा राहिला. फुटपाथखालच्या जुन्या कोळशाच्या खोलीत रंगाचे डबे तसेच होते. ब्रश बाबांच्या ऑपरेशनच्या टोपीत गुंडाळलेला होता.

वर चढल्यावर उघड्या फटीत तिला एक बारीक हिरवी पट्टी रंगवलेली दिसली. तिच्या कडेला नाजूक लाल काठ.

"आई, हे हिरवं काय आहे गं?"

"माझी इरकल. विरली म्हणून बेडरूमला पडदे शिवले होते, आठवतंय? हे म्हणाले, खिडकी उघडी म्हटल्यावर पडदा नको दिसायला?"

"पण रस्त्यावरून हे कुणाला दिसणार?"

"मला दिसतं."

वरदाचा ब्रश थांबला. "मग राहू दे का एवढं?"

खाली मधुमतीबाईंनी कॉलर गळ्याशी घट्ट धरली. "पाऊस आत येईल. लाव."

तिने हिरव्यावर काळा रंग ओढला. मग खाली, चौकटीला टेकवून, पांढरी पट्टी. शेवटी पट्टी किंचित वाकडी झाली.

मधुमतीबाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी आठही घरं पाहिली.

"लागली," त्या म्हणाल्या. कोटाची कॉलर खाली करून त्या गाडीत जाऊन बसल्या.

ग्रॅहमने शिडी खांद्यावर घेतली. वरदाने ओला ब्रश पुन्हा टोपीत गुंडाळला आणि मागच्या सीटवर ठेवला. पुढच्या महिन्यात घड्याळं पुढे जाणार होती.