अकरावी मात्रा

आमच्या बँडबद्दल हल्ली पोरं इतकं लिहितात की वाचून हसावं की रडावं कळत नाही. रेकॉर्ड निघाली तेव्हा कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. वीस मिनिटांचं एकच गाणं, शब्द जेमतेम चार ओळी आणि ठेका अकरा मात्रांचा. नाचायला पाय उचलावा तर पडायचीच भीती. आता म्हणे ते अजरामर आहे. असेल बाई!

ड्रम माझा थोरला भाऊ वाजवायचा, बेस गिटार मी. गायक केव्हाच देवाघरी गेला. गाणी रचायचा आणि ऑर्गन वाजवायचा तो मास्तर. हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण उठसूट छडी मारल्यासारखा बोलायचा. त्याचा एक हट्ट होता: गाणं एका दमात वाजवायचं, टेपला कात्री लावायची नाही. शेवटच्या दिवशी सगळं सुरेख जमून आलं आणि सोळाव्या मिनिटाला दादाची एक मात्रा गळाली. अकराऐवजी दहा. आम्ही सावरून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओ दुसऱ्यांना दिलेला. तेवढाच तुकडा तिथल्या तिथे वाजवून जोडता आला असता, पण कात्री नको ना! हट्ट ह्याचा आणि खापर फुटलं दादाच्या माथ्यावर. "तू माझं गाणं नासवलंस," एवढं बोलून मास्तर निघून गेला. बँड तिथेच संपला.

दादा मग लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. पण ते अकरा त्याने सोडले नाहीत. बोटांनी वाजवतच राहायचा: जेवणाच्या डब्यावर, लिफ्टच्या दारावर, आणि वहिनी म्हणते तसं "माझ्या पाठीवरसुद्धा". आता त्याचे हात थरथरतात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार.

"छोटे," दादा मला म्हणाला, "हात चालताहेत तोवर एकदा बरोबर वाजवायचंय. मास्तरबरोबर. त्याच्या तोंडून 'जमलं' एवढं ऐकायचंय, बस."

आणि नेमका तेव्हाच एका नव्या बँडच्या पोरांचा निरोप आला. त्यांना आमचं ते गाणं स्टेजवर आणायचं होतं, आम्हा तिघांना घेऊन. मास्तर हो म्हणाला ह्याचंच मला नवल वाटलं.

सरावाची खोली म्हणजे फर्निचरच्या दुकानाचं तळघर, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. मास्तर सुनेचा हात धरून आला. दादाला "बस रे" म्हणाला, जसे काही कालच भेटले होते. सुरुवात केली. खरं सांगते, काठ्या हातात आल्यावर दादाची थरथर कुठे पळाली कोण जाणे. सोळावं मिनिट आलं. दादाने अकराच्या अकरा मात्रा चोख वाजवल्या.

मास्तर मात्र दहावरच पुढे निघून गेला. सगळं विस्कटलं.

"काका, तुमचं चुकलं," त्या पोरांपैकी एक जण दादाला अदबीने म्हणाला. "रेकॉर्डवर तिथे दहाच आहेत. तीच तर खरी गंमत आहे."

"गंमत कसली डोंबलाची!" मी उसळले. दादाने डोळ्यांनीच मला गप्प केलं. तो मास्तरकडे बघत होता.

"मास्तर, तू अकरा रचले होतेस ना रे?"

मास्तर कितीतरी वेळ आठवत राहिला. "छे, दहाच. मीच तसं रचलंय. रोज ऐकतो ना मी."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्याची सून माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "हल्ली काही आठवत नाही त्यांना. ती रेकॉर्ड तेवढी लावून बसतात."

मला वाटलं, दादा आता काठ्या फेकणार. मी असते तर कुणाच्या तरी डोक्यात घातल्या असत्या. त्याने शर्टाला हात पुसले आणि म्हणाला, "पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. सोळाव्या मिनिटाला दादाने ती मात्रा गाळली, जाणूनबुजून. मास्तरचा ऑर्गन त्याच्या बरोबरीने अलगद पुढे सरकला. गाणं संपलं तेव्हा मास्तर लहान मुलासारखा हसला.

"जमलं रे! बघ, आज जमलं तुला."

"हो," दादा म्हणाला.

घरी परतताना तो गाडीत हमसून हमसून रडला. आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता.

"मग वाजवलंस कशाला चुकीचं?" मला रडू आवरेना, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले.

"तो एकटाच पुढे निघून गेला होता गं," दादा म्हणाला. "त्याला तसा कसा जाऊ देऊ?"