न केलेला नवस

मी मार्था. तिसगावच्या आसपासच्या खेड्यांत फिरून बायांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं आणि खोटं बोलणारीला सगळ्यांदेखत झापायचं, हे माझं काम. आणि जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं मी बोलले ते आमच्या ख्रिस्ती देवळात, उपासनेला जमलेल्या भर मंडळीसमोर.

एकेचाळीस साली माझा थोरला प्रभुदास मॅट्रिक झाला. पुण्याच्या कॉलेजात त्याला जागाही मिळाली. आनंद व्हायचा सोडून मी घाबरले. आमच्या मंडळीतला गिदोन बी.ए. होऊन आला होता, तो उपासनेच्या वेळी बाहेर विडी ओढत उभा राहायचा आणि गुडघे टेकणाऱ्यांना हसायचा. माझा मुलगाही तसाच होणार, असं मी धरूनच बसले. खरं सांगायचं तर मुलगा देवाला दुरावेल यापेक्षा मला दुरावेल, याचीच धास्ती जास्त होती.

आमच्यात शेतातलं पहिलं कणीस, कोंबडीचं पहिलं अंडं देवळात आणून वाहायची रीत आहे. निकालानंतरच्या रविवारी मी रिकाम्या हातानं गेले आणि प्रभुदासलाच पुढं उभं केलं. म्हणाले, "ह्यो पोटात हुता तवाच मी नवस केल्ता. पहिलं लेकरू देवाच्या सेवेला देईन म्हनून. आता शबूद मोडनार न्हाई."

असा नवस मी कधी केलाच नव्हता. हे खोटं आहे असं सांगायला नवराही जिवंत नव्हता. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, तू कधी बोलली न्हाईस," प्रभुदास एवढंच म्हणाला. त्यानं कॉलेजला नकार कळवला आणि तो खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागला. रविवारी उपदेशही करायचा. 'मला जन्माआधीच बोलावणं आलं होतं,' हे वाक्य त्याच्या प्रत्येक उपदेशात असायचं. बाया कौतुकानं माझ्याकडे बघायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अठ्ठेचाळीस साली पाळकसाहेब थकले. जागा प्रभुदासचीच, असं सगळे धरून चालले होते. पण सगळ्या मंडळ्यांचा कारभार बघणाऱ्या वरच्या सभेनं ठरवलं की यापुढं पाळकाला पदवी हवी. शलमोन नावाचा पदवीधर आला. प्रभुदासपेक्षा दोन वर्षांनी लहान, नम्र, आल्या आल्या गुडघे टेकणारा. कॉलेजनं त्याचं काही म्हणता काही बिघडवलं नव्हतं. त्याची ट्रंक मोटारीवरून उतरवून घ्यायला प्रभुदासच गेला.

संध्याकाळी तो जेवायला बसला. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट मलाच समजावू लागला, "पदवी नसली म्हनून काय झालं? मला तर देवानंच मागून घेतलंय."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "नवस केलाच न्हवता मी," मी म्हणाले. "तू जाशील म्हनून भ्याले. खोटं बोलले."

त्याचा हात ताटातच थांबला. तो चिडला असता, मला वाट्टेल ते बोलला असता, तर मी सुटले असते. त्यानं फक्त लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "मग मला बोलावलं कुनी?"

'देवानं,' असं म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणालाही मी तसंच सांगितलं असतं. पण मुलापुढं आणखी एकदा खोटं बोलायची मला भीती वाटली.