‘नाही’वरची खूण

ऑक्टोबर निम्मा सरला की व्हर्ना हुडॅकची टपालपेटी ओकायला लागायची. रोज सकाळी गुळगुळीत कागदांचा गठ्ठा. प्रत्येकावर एक म्हातारा, एक म्हातारी, सायकलवर बसलेले, नाहीतर कुत्र्याला मिठी मारून बसलेले, आणि दात काढून हसणारे. औषधांच्या विम्यावर कोण हसतं एवढं? व्हर्ना तो गठ्ठा दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा, थेट कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकायची.

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेपासून डिसेंबरच्या सातपर्यंत म्हाताऱ्यांनी आपापली औषधांची योजना निवडायची. त्यातच नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की डनवर्थ गावाच्या आजूबाजूला हरणांच्या शिकारीला सुरुवात. फरक एवढाच की म्हाताऱ्यांना एजंट आधी कॉफी पाजतात, हरणाला कोणी पाजत नाही.

व्हर्नाला निवडायचं काही नव्हतंच. एमिल, तिचा नवरा, काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं भट्टीवर होता. एका हिवाळ्यात पाच महिने संप चालला. हे लोक बर्फात फाटकाशी उभे राहिले, चर्चनं वाटलेले बटाटे खाल्ले, आणि शेवटी मालकाकडून लिहून घेतलं: रिटायर झाल्यावर नवरा-बायको दोघांची औषधं मरेपर्यंत युनियनच्या फंडातून. पुढे कारखाना बंद पडला, भट्टी भंगारात गेली, पण फंड राहिला. त्या फंडाच्या कार्डावर दर दोन आठवड्यांनी व्हर्नाचं सांध्यांचं इंजेक्शन यायचं. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी त्याची जागा ठरलेली. इंजेक्शन सुरू होण्याआधी तिची बोटं कोंबडीच्या पंजासारखी आखडली होती. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, पण स्टिअरिंग धरता येईना म्हणून घरी बसली. इंजेक्शन लागू पडलं आणि ती परत स्वतःच्या हातानं बरणी उघडायला लागली. दुकानात त्याची किंमत विचारली तर औषधवाला आधी ‘बसा’ म्हणतो.

शुक्रवारी फंडाकडून एमिलच्या नावानं पत्र आलं. साधं पांढरं पाकीट, त्यावर हसणारं कोणी नाही. व्हर्नानं उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्ची ओढली.

‘तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या औषध योजनेत नाव घातल्याचं आम्हाला कळलं आहे. त्यामुळे एक जानेवारीपासून फंडातलं तुमचं आणि तुमच्या पत्नीचं नाव बंद होईल. एकदा बंद झालेलं नाव पुन्हा घेता येत नाही. हे चुकून झालं असेल तर त्याआधी नव्या कंपनीकडून नोंदणी रद्द करून घ्या आणि आम्हाला कळवा.’

एमिल टेबलाशी कोबी-शेवया खात होता. पत्र ताटाशेजारी आपटलं तरी तो खातच होता.

“कुठं सही केलीस?”

“कसली सही?”

“एमिल. तोंडातला घास गिळ आणि सांग.”

त्यानं गिळला. “फायर हॉलमध्ये. मागच्या आठवड्यात. डॅरिल बसतो ना तिथं, औषध योजनेचे फॉर्म घेऊन. जॉर्ज युर्कोचा पोरगा.”

“आणि?”

“आणि काय? कार्ड देणार तो. महिन्याला पन्नास डॉलर फुकट. मलम घ्या, बँडेज घ्या, चष्म्याचं फडकं घ्या...”

“फडकं!” व्हर्ना म्हणाली. “फडक्यापायी माझं इंजेक्शन विकलंस तू?”

“विकलं कशाला? त्यानं विचारलं, दुसरा विमा आहे का? मी म्हटलं, विमा? आयुष्यात विम्याचा माणूस दारात उभा केला नाही मी. औषधं युनियन देते.”

“मग त्यानं काय लिहिलं?”

“ते मी कुठं बघत बसू? चष्मा गाडीत होता.”

व्हर्नाच्या तोंडाशी शिव्यांची रांग लागली होती, पण ती बाहेर आली नाही. कारण एमिल खोटं बोलत नव्हता. डनवर्थमधला कुठलाही भट्टीवाला हेच म्हणाला असता. विमा म्हणजे टायवाला माणूस गोड बोलून विकतो ते. युनियनचं कार्ड म्हणजे बर्फात उभं राहून कमावलेलं. ते आणि हे एकच, असं यांना सांगितलं तर ते भांडायला उठतील. बाहेरच्या एखाद्या एजंटाचा घोटाळा झाला असता तर समजून घेता आलं असतं. पण डॅरिल बाहेरचा नव्हता. त्याच भट्टीच्या पगारावर वाढलेला. व्हर्नाच्याच बसमधून शाळेत जायचा आणि मागच्या सीटवर च्युइंगम चिकटवायचा.

संध्याकाळी तिनं गाडीतला कप्पा उपसला. चष्मा, जुन्या पावत्या, आणि फॉर्मची पिवळी प्रत. तिसऱ्या पानावर ओळ होती: ‘नोकरी किंवा युनियनकडून तुम्हाला औषधांचं संरक्षण मिळतं का?’ खाली दोन चौकोन. ‘नाही’मध्ये खूण. एमिलची खूण वाकडी येते, हात थरथरतो. ही खूण एकदम सरळ, सफाईदार, शेवटी शेपूट वर उडवलेली.

व्हर्नानं प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली.

शनिवारी सकाळी दोघं फायर हॉलवर, म्हणजे गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या सभागृहावर, गेले. “मी गाडीतच बसतो,” एमिल म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॉलमध्ये शुक्रवारी तळलेल्या माशांचा वास भिंतींना चिकटलेला होता. त्यात डॅरिलनं निळे फुगे लावलेले. टेबलावर कागदी प्लेटा, आणि प्रत्येकीत भोपळ्याच्या गोड पाईचा विटेएवढा तुकडा, वर क्रीम. जेवण द्यायला या एजंटांना नियमानं बंदी आहे, खाऊला नाही. म्हणून हा खाऊ. दहा-बाराजण रांगेत बसले होते, औषधांच्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. निम्मे भट्टीवाले. एकाच्या हनुवटीला क्रीम लागलं होतं.

“मिसेस हुडॅक!” डॅरिल उठून उभा राहिला. केस तेलकट, दात त्या सायकलवाल्या म्हाताऱ्यासारखे पांढरे. “किती छान दिसताय! पाई घ्या ना.”

“पाई नको. हे काय आहे ते सांग.” तिनं पिवळी प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि खुणेवर बोट टेकवलं.

डॅरिलनं वाकून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. “हां. एमिल सरांनी सांगितलं, विमा नाही म्हणून. मी काय करणार? माणूस सांगतो ते लिहायचं.”

“तो म्हणाला, औषधं युनियन देते.”

“मला वाटलं, पेन्शनचं बोलतायत. असं होतं हो कधी कधी. बोलण्या-बोलण्यात.” आवाज खाली आणून तो पुढे झुकला. “आपण बाजूला बसून बोलू या का?”

“इथंच बोलू. डॅरिल, बाळा, एक सांग. तुझ्या आईला, पॉलीनला, कुठल्या योजनेत घातलंस?”

डॅरिल हसला. हसू ओठांवर थांबलं, डोळ्यांपर्यंत गेलंच नाही.

“पॉलीनला साखर आहे ना?” व्हर्नानं आवाज चढवला. बावीस वर्षं पन्नास पोरांच्या गोंगाटावर चढवलेला आवाज. “तिचं इन्सुलिन तूच आणतोस दर महिन्याला. औषधाच्या दुकानात माझ्या पुढेच उभा होतास परवा. कुठलं कार्ड दाखवतोस काउंटरवर?”

रांगेतल्या माणसांचे काटे-चमचे थांबले.

“आईचं... आईचं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“तिचं युनियनचं आहे,” डॅरिल म्हणाला. म्हणाला कसला, टेबलाला सांगितलं.

“मग तिला नको होतं का पन्नास डॉलरचं फडकं?”

मागून कोणीतरी ‘हं’ केलं. क्रीमवाल्यानं हनुवटी पुसली आणि प्लेट हळूच लांब सरकवली.

“हे बघा, रद्द करणं माझ्या हातात नाही,” डॅरिल एकदम सरकारी आवाजात बोलायला लागला. “कंपनीला फोन करा. नंबर मागे आहे. आणि माझ्या कामाच्या जागी येऊन असं...”

“कामाची जागा! माझ्या नवऱ्यानं वर्गणी काढून बांधलेला हॉल आहे हा.”

तिनं त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून फोन लावला. आधी मशीन बोललं. मग गाणं लागलं, बिनचवीचं, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये लागतं तसं. ‘तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे पंचवीस मिनिटांत अकरा वेळा ऐकलं. डॅरिल तिच्या शेजारी बसून दुसऱ्या कोणाचा फॉर्म भरायला धडपडत होता, पण समोरची बाई काही केल्या सही करेना. शेवटी एका मुलीचा आवाज आला.

व्हर्नानं सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं. “मॅडम, सदस्य स्वतः बोलले पाहिजेत.”

“मी बायको आहे त्याची. एक्कावन्न वर्षं.”

“हो मॅडम. पण सदस्य स्वतः.”

“थांब मग. फोन ठेवलास तर बघ.”

एमिल गाडीत काच बंद करून बसला होता. तिनं काचेवर टकटक केलं.

“आत चल. त्यांना तू हवायस.”

“तूच बोल ना, व्हर्न. तुझा आवाज काही नाजूक नाही. एमिल म्हणून सांग.”

“आवाज रेकॉर्ड करतात ते. उद्या म्हणतील, बाईनं फसवणूक केली. फसवायचा हक्क फक्त त्यांना आहे.”

“आत सगळे आहेत?”

“आहेत.”

“जॉर्जचा पोरगा आहे गं तो. जॉर्जनं मला भट्टीतून ओढून काढलं होतं एकदा. त्याच्या पोराला चारचौघांत...”

“जॉर्जचं मला माहीत आहे.” तिनं आपला उजवा हात काचेवर ठेवला. बोटं सरळ होती. “जानेवारीत हा हात कसा असेल ते पण तुला माहीत आहे. कपाचा कान धरता येत नव्हता मला. तू भरवायचास. तुला परत भरवायचं असेल तर बस इथंच.”

एमिलनं दार उघडलं.

तो हॉलमध्ये आला. त्याचा एक कान भट्टीच्या आवाजानं गेलेला, म्हणून व्हर्नानं फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला. एमिलनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली.

“सर, नोंदणी रद्द केलीत तर महिन्याचे पन्नास डॉलर जातील,” मुलगी वाचून दाखवल्यासारखं बोलत होती. “शिवाय दातांची तपासणी, जिमचं सदस्यत्व...”

“जिम?” एमिलनं विचारलं. “मी शहात्तर वर्षांचा आहे.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

“तरीही रद्द करायचंय का, सर?”

“करायचंय.”

“कारण सांगाल?”

एमिल डॅरिलकडे बघत राहिला. डॅरिल टाचणी शोधत होता, जमिनीवर, जिथं टाचणी नव्हती. आता व्हर्ना बोलली असती तर ते कारण तिचं झालं असतं.

“मला बायको आहे,” एमिल म्हणाला.

पलीकडे कीबोर्ड टकटकला. “मी ‘इतर’ असं लिहिते, सर.”

मुलीनं नोंदणी रद्द झाल्याचा एक लांबलचक नंबर दिला. व्हर्नानं तो पिवळ्या प्रतीच्या मागे लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवायला लावला, मुलीचं नावही विचारून घेतलं. मुलगी म्हणाली, “आज आणखी काही मदत करू शकते का?” आणि व्हर्नाच्या तोंडून सवयीनं “थँक यू” निघून गेलं. तिला स्वतःचीच किळस आली. घरात शिरलेल्या चोरानं टीव्ही परत ठेवला म्हणून त्याला चहा विचारावा, तसं वाटलं.

क्रीमवाला उठून टेबलाशी आला. खिशातून घडी घातलेली पिवळी प्रत काढून त्यानं उलगडली. “व्हर्ना, तिसरं पान म्हणालीस ना? जरा बघ गं. मी पण युनियनवालाच.”

“डॅरिलला वाचायला सांग,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”

गाडीत बसल्यावर एमिलनं किल्ली फिरवली, पण गाडी काढली नाही. हात पँटवर पुसला, परत पुसला.

“हात मिळवला होता मी त्याच्याशी,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी.”

“माहीत आहे.”

“जॉर्जला काय वाटलं असतं?”

“जॉर्जनं त्याला त्या फुग्यांसकट बाहेर टाकलं असतं.”

एमिलनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, दमल्यासारखी. मग म्हणाला, “फंडाला कळवायचं राहिलं ना?”

“आज बंद आहे. सोमवारी.”

“तू करशील फोन?”

“नाही,” व्हर्ना म्हणाली. “तू.”

“मला नीट ऐकू येत नाही, व्हर्न.”

“मग त्यांना मोठ्यानं बोलायला सांग.”

एमिलनं कप्प्यातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि तिच्यासमोर हात पसरला. तिनं प्रत दिली. त्यानं ओठ हलवत तो नंबर वाचला, एकेक आकडा, जसा सोमवारी वाचणार होता तसा.