अभयचा पाळणा

मित्रांनो, हलवू नका मला, आधी ऐका. मी सागाचा जुना पाळणा. पंचेचाळीस वर्षं तरी झाली असतील. चारही कड्या शाबूत आहेत, एका बाजूचा रंग उडालाय, आणि वर टांगलेल्या लाकडी पोपटांपैकी एकाची चोच कुण्या बाळानं चावून संपवलीय. मला तोंड नाही, हे बरंच झालं. असतं तर मागच्या महिन्यात भर बारशात मी शिव्या दिल्या असत्या.

गंगापूरच्या बन्सी सुतारानं मला घडवलं. साहेबरावांच्या बायकोला पहिल्यांदा दिवस गेले होते. बांधावरचा साग तोडून आणला. बन्सीनं रंधा मारून मारून लाकूड असं गुळगुळीत केलं की बाळाला कुसळसुद्धा लागू नये. काम झाल्यावर माझ्यावरून हात फिरवून म्हणाला, "ह्यात राजा झोपंल बघा, साहेबराव." राजकन्येचं त्यानं नाव काढलं नाही. मी नवा होतो, मला काही वाटलं नाही.

झाली मुलगी. बारसं थाटात झालं. दुसरीही मुलगीच झाली, तेव्हा घुगऱ्या जरा कमी शिजल्या. तिसऱ्या खेपेला पुन्हा मुलगी, आणि माझ्याभोवती जमलेल्या बाया गाणं म्हणायचं की नाही म्हणून एकमेकींकडं बघायला लागल्या. साहेबराव आतसुद्धा आले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "कडू म्हना तिला. म्हंजी देवाला बी कळंल, आता पोरगी नको."

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्याकडं अशी नावं ठेवतात. बारा दिवसांचं लेकरू माझ्यात पाय झाडत होतं. आत्यानं वाकून त्याच्या कानात 'कडू' सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणं बायांनी आत्याच्या पाठीत गुद्दे घातले. खरं तर ते गुद्दे साहेबरावांच्या पाठीत पडायला हवे होते.

पुढं दीड वर्षानं राजेंद्र झाला. झालं! नावाचा गुण आला, असं घरानं ठरवून टाकलं. कडूबाईनं मात्र ते नाव शाळेच्या पटावर वाचलं, पोरांच्या तोंडून ऐकलं. लग्नात तरी नवरा नाव बदलेल या आशेवर ती होती. सासरचे म्हणाले, "असू द्या, असल्या नावाला नजर लागत नाय." सासर गावातलंच. माहेरी आली की ती माझ्याजवळ टेकायची, आणि कुणी आसपास नसलं की मला एक झोका द्यायची. रिकाम्या पाळण्याला झोका देऊ नये म्हणतात. ती द्यायची.

मग मला माळ्यावर टाकलं. माझ्यात कांदे भरले, फुटके डबे ठेवले, एकदा मांजरीनं पिल्लं घातली. त्या पिल्लांना कुणी नावं ठेवली नाहीत आणि ती आनंदानं मोठी झाली. वीस-पंचवीस वर्षं अशीच गेली.

तीन वर्षांपूर्वी मला खाली काढलं, धुतलं, तेल लावलं आणि टेम्पोत घालून बजाजनगरला आणलं. राजेंद्र वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टवर आहे. तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. त्याची बायको तनुजा, बारावी झालेली, हसरी. तिला दिवस गेल्यापासून ती मोबाईलवर नावंच बघत बसायची. मुलगी झाली. तिनं 'प्रेरणा' नाव धरून ठेवलं होतं.

"जुनं वाटतं गं," राजेंद्र म्हणाला. "आमच्या लाइनवरच्या एकानं पोरीचं नाव विहान ठेवलं. आता पोरापोरीला एकच नाव चालतं, युनिसेक्स म्हणतात. आपण अभय ठेवू."

"अभय? पोराचं नाव आहे हो ते."

"तेच तर! जिला कशाची भीती नाय ती अभय. आपल्यात असला फरक करायचाच नाय."

तनुजाचे डोळे भरून आले. असा नवरा मिळाला म्हणून तिला स्वतःचाच हेवा वाटला. मलाही वाटलं, मित्रांनो. म्हटलं, बापापेक्षा लेक शहाणा निघाला. बारशाला गंगापूरहून कडूबाई आली. तिनं बाळाच्या कानात 'अभय' सांगितलं, पाठीवर गुद्दे खाल्ले आणि खळखळून हसली. "लई झ्याक नाव हाय," ती म्हणाली. शेजारच्या बायांनी, अंगणवाडीच्या बाईंनी, सगळ्यांनी कौतुक केलं. पोरीला पोराचं नाव, केवढा मोकळा विचार!

दुपारी बाया घुगऱ्या घेऊन गेल्या. तनुजा आत बाळाला पाजत होती. बाहेरच्या खोलीत साहेबराव आणि राजेंद्र, आणि मी.

"जन्मदाखल्यावर नाव टाकू नको इतक्यात," साहेबराव हळूच म्हणाले. "दाखला काढ, पर नावाचा रकाना कोरा ठिव. नाव मागून टाकता येतं."

"माहीत हाय, आबा."

"अभय हे आपल्या पोराचं नाव हाय. कडूच्या टायमाला कसा गुण आला? हिला पोराच्याच नावानं हाका मारा. पोरगं आपसूक येतं. आलं की नाव त्याचं त्याला."

"व्हय," राजेंद्र म्हणाला.

माझा संताप झाला. नवं नाव, नवा विचार म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, ते त्या पोरीला उसनं दिलं होतं! परत घ्यायच्या बोलीवर. आणि ही बोली तिच्या आईला माहीत नव्हती. मी ओरडणार कसा? वाऱ्यानं एक कडी कुरकुरली, तेवढंच.

अभय मोठी होऊ लागली. सातव्या महिन्यातच नावाला मान वळवायला लागली. बोलायला लागली तेव्हा हाक मारली की घरात असेल तिथून "ओ!" म्हणायची. इतकी मोठी ओ की शेजारच्या खोलीतले हसायचे. माझ्यात मावेनाशी झाली तरी माझी दोरी हलवत बाहुलीला झोपवायची आणि गायची, "अभयची बाहुली झोपली." तनुजा मधूनमधून विचारायची, "अहो, दाखल्यावर नाव टाकून आणा ना." राजेंद्र म्हणायचा, "टाकू की, घाई कसली." ती बिचारी विश्वास ठेवायची.

आणि मागच्या महिन्यात मुलगा झाला.

साहेबरावांनी बारशाच्या पत्रिका छापूनच आणल्या. तनुजानं एक उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय? बाळाचं नाव अभय कसं लिहिलंय? छापणाऱ्याची चूक झाली का?"

राजेंद्रनं नजर चुकवली. "चूक नाय. त्याचंच नाव हाय ते. तिला दुसरं बघू एखादं. तुझं ते प्रेरणा ठेव ना आता."

"तीन वर्षं ती या नावानं ओ देतीय!"

"कागदावर कुठं हाय? रकाना कोरा हाय. लहान हाय ती, चार दिवसात इसरंल."

 तनुजा पत्रिका घेऊन थेट कडूबाईकडं गेली. कडूबाई माझ्या कड्यांना झेंडूच्या माळा बांधत होती.

"अक्का, आता तुमच्याच हातात आहे. कानात नाव आत्याच सांगते. तुम्ही दुसरं काही पण सांगा. आत्यानं सांगितलं तेच खरं, असं तुमचेच लोक म्हणतात. माझ्या पोरीचं नाव काढून घेऊ नका."

कडूबाईचे हात थांबले. "मला काय कळत नाय व्हय गं? माझ्याइतकं कुणाला कळंल?" तिनं हातातली माळ खाली ठेवली. "पर भाऊ एकुलता एक. त्याच्या दारात यायचं बंद झालं, तर मी कुठं जाऊ? दिवाळीला मला कोन बोलवील?"

"नका सांगू मग काहीच. आजारी पडा."

"बघते," कडूबाई म्हणाली. मला वाटलं, ही सांगणार नाही. नावाचा मार जिनं सोसला, ती दुसरीला तो मार देणार नाही. मी तर देव पाण्यात घालून बसलो.

बारशाला खोली माणसांनी भरून गेली. बाळाला माझ्यावरून-खालून फिरवलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. अभय नवा पिवळा फ्रॉक घालून माझी दोरी धरून उभी होती. भावाला झोका ती देणार, असं तिनं आठ दिवसांपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कडूबाई वाकली. तिचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता. ती वाकली ती वाकलीच राहिली.

"अक्का, म्हना की," राजेंद्र म्हणाला.

"अभय," कडूबाई म्हणाली.

"ओ!"

पिवळ्या फ्रॉकनं ओ दिली होती. नेहमीसारखीच, मोठ्यानं. "आत्या, मी हितं हाय," असंही ती म्हणाली. सगळे खो खो हसले. बायांनी कडूबाईच्या पाठीत गुद्दे घातले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्यातल्या गोधडीवर पडलं. गुद्दे जोरात बसले असतील, असं कुणीतरी म्हणालं.

"नीट ऐकू नाय आलं," साहेबराव दारातून म्हणाले. "मोठ्यानं घ्या नाव."

"अभय," कडूबाई पुन्हा म्हणाली.

"ओ!" आता पोरीला हा खेळच वाटला.

या वेळी हसणं कमी आलं. साहेबरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्या पोरीला गप करा रे. आणखी एकदा म्हना. तिसऱ्यांदा म्हनावं लागतं."

तनुजा पुढं आली. मला वाटलं, आता ही बाळाला उचलणार, भांडणार, पत्रिका फाडणार. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. कडूबाईनं तिसऱ्यांदा नाव घेतलं. त्या हाताखाली पोरीचे गाल फुगले, एवढं मी पाहिलं.

मित्रांनो, मी बन्सी सुताराचं लाकूड, मला अक्कल शिकवायचा अधिकार नाही. तुम्ही मुलीचं नाव काहीही ठेवा. मुलाचं ठेवा, परदेशातलं ठेवा, कुणाला उच्चारता येणार नाही असं ठेवा, माझी काही तक्रार नाही. फक्त ते तिला देऊन टाका. दाखल्यावर लिहा, आणि मागं दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवू नका. बाळ कानात ऐकलेलं परत देऊ शकत नाही. ते शिकवायला मग आईला हात वापरावा लागतो.

आता तिला घरात ताई म्हणतात. दाखल्यावरचा रकाना अजून कोराच आहे, प्रेरणा लिहायलाही कुणी गेलेलं नाही. बाळ जागं झालं की माझ्यावर वाकून जो तो लाडानं बोलतो, "अभय, ए अभय." स्वयंपाकघरातून "ओ" येते. मग ती दारात येते, माझ्याकडं बघते, आणि आपल्याच हातानं आपलं तोंड दाबून धरते.