खालचा सूर

शंभूचा फेटा धुळीत पडला, तेव्हा मच्छिंद्रने सॅक्सोफोनवर एकच वरचा सूर धरून ठेवला होता. शंभू नवरदेवाचा धाकटा भाऊ. नाचता नाचता त्याला कुणाचं तरी कोपर लागलं होतं. तो गर्रकन वळला. मागे नवरीचा भाऊ बिरदेव उभा होता. शंभूने त्याची गचांडी धरली.

भर दुपारी नवरदेवाची मिरवणूक भांडगावच्या मारुतीला निघाली होती. वऱ्हाड मांडवगण फराट्याचं. बघता बघता रस्त्याच्या एका कडेला पाहुणे आणि दुसऱ्या कडेला गावची पोरं उभी राहिली. घोडी बिथरली.

बँडमास्तर खंडू मच्छिंद्रच्या कानाशी आला.

"वाजव. थांबू नको. बँड थांबला की हात उठलंच म्हणून समज."

मच्छिंद्र वाजवत राहिला. हा तुकडा त्याने दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या मॉरिससाहेबांच्या कॅसेटवरून उचलला होता. इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेल्या साहेबांकडे अमेरिकेतल्या काळ्या वादकांची, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नाचाची गाणी होती. रिदम अँड ब्लूज, साहेब म्हणायचे. गाणारा दोन कडवी म्हणून बाजूला व्हायचा आणि सॅक्सोफोनवाला पुढे यायचा. त्या मधल्या तुकड्यांसाठी मच्छिंद्र दर रविवारी तिथे जाऊन बसे. त्याचा सगळ्यात आवडता हाच. वादक एकच सूर घ्यायचा, तो घोगरा करायचा, फाडायचा, पुन्हा तोच घ्यायचा. ऐकणाऱ्याला बसू द्यायचा नाही. लग्नात तो वाजवला की पोरं अंगात आल्यासारखी नाचत.

साहेबांना मात्र दुसराच आवडे. संथ, खालच्या सुरातला, वादकाच्या श्वासासकट ऐकू येणारा. तो लागला की साहेब डोळे मिटत आणि मच्छिंद्र चहा टाकायला उठे.

आता पोरं नाचत नव्हती. सूर फाटला की कुणीतरी एक पाऊल पुढे टाकत होतं. गावातल्या एकाने कडेच्या बैलगाडीची शिवळ उपसून घेतली. ती हातभर लाकडी खुंटी त्याने पाठीमागे धरली होती. मच्छिंद्रला ती दिसत होती.

आणि त्याला बिरदेवचे ओठ दिसले. ते हलत होते. गचांडी धरलेली असतानाही बिरदेव काहीतरी सांगत होता, पुन्हा पुन्हा, तेच ते. चार हातांवर उभ्या असलेल्या मच्छिंद्रला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. शंभूलाही येत नसावं.

मच्छिंद्रने खंडूकडे पाहिलं. खंडूने हात वर नेऊन अजून जोरात, अशी खूण केली.

मच्छिंद्रने सूर खाली आणला.

साहेबांचा तो संथ तुकडा त्याने कधी घोटला नव्हता. स्टोव्हच्या आवाजाआडून कानावर पडला होता तेवढाच. पहिली ओळ आली. दुसरी आठवेना. त्याने पहिलीच पुन्हा घेतली, आणखी हळू. साईड ड्रमवरच्या बबनरावांनी दोन-चार ठोके जुन्याच चालीत मारले आणि मग काठ्या आवरल्या. खंडूचा चेहरा उतरला. तो पुढे सरसावला, पण तेवढ्यात बिरदेवचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"...चुकून लागला हात, पाव्हणं. मघापस्नं त्येच सांगतोय."

शंभूची मूठ सुटली नाही. मच्छिंद्रचा श्वास संपत आला होता. मध्येच श्वास घ्यायचा त्याला धीर होईना.

"चुकून?" शंभूने विचारलं.

"बहिणीच्या लग्नात मुद्दाम करीन व्हय?"

शंभूने हात काढला. फेटा उचलून झटकला आणि तिथेच बांधायला घेतला. एकट्याला तो जमेना. बिरदेवने दुसरं टोक ताणून धरलं. शिवळ उपसणारा पोरगा गाडीशी जाऊन ती जागेवर बसवू लागला.

मच्छिंद्रने श्वास घेतला.

लग्न लागलं. पंगतीत बँडवाले शेवटी बसले, तेव्हा नवरीचे वडील सोपानराव वाढप्यांच्या मागून फिरत होते. मच्छिंद्रपाशी ते थांबले.

"मघाशी मारुतीला जाताना मांडवात ऐकू येत हुतं, झकास चाललं हुतं. मधीच का पाडलं? पोरांचा सारा रंग गेला."

बबनराव मान वर करून बघू लागले. खंडू पानावरचा भात कालवत राहिला.

"दम लागला, आप्पा," मच्छिंद्र म्हणाला.

"मग जेवा पोटभर," सोपानराव म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले.

आमटीचा पहिला घास वाजवून वाजवून फुटलेल्या ओठाला झोंबला. मच्छिंद्रने पाण्याचा पेला उचलून ओठाला लावला. खंडूने एकदा त्या ओठाकडे पाहिलं. मग आपल्या पानातली सगळी बुंदी त्याच्या पानात सरकवली आणि मान खाली घालून जेवू लागला.